मोकाट कुत्र्यांची लस आणि नसबंदी फुकट का हवी?

"माणसांना सरकारी दवाखान्यात औषधं मिळत नाहीत आणि तुम्ही कुत्र्यांवर फुकट उपचार करा म्हणता?" वाशिमपासून मानोऱ्यापर्यंत हा प्रश्न कुठेही ऐकू येतो. राग खरा आहे, पण हिशेब चुकतो.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की आम्हा डॉक्टरांच्या हातात काही उरत नाही. पाणी समोर आणले तरी घशाला आचके येतात, मग काही दिवसांत मृत्यू. माणसांना होणारा रेबीज जवळपास ९९ टक्के वेळा कुत्र्यांकडूनच येतो. चावलेल्याला सरकारी दवाखान्यात लस मोफत आहे, ती असायलाच हवी. म्हणजे खर्च आपण करतोच, फक्त लेकराचा पाय फाटल्यानंतर! तीच लस आधी कुत्र्याला टोचली तर? आणि मोकाट कुत्र्याला मालकच नाही, तर फी भरणार कोण?

काही जण म्हणतात, पकडून दूर शिवारात सोडा. म्हणजे आपला रोग शेजारच्या गावाला. इकडे उकिरडा तसाच राहतो, मग रिकाम्या गल्लीत नवी, लस न टोचलेली कुत्री येतात. मादी दोन महिन्यांत विते, एका वेळी चार-सहा पिल्ले. नुसते पकडून हे कसे आवरणार?

गोव्यात २०१३ पासून मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांचे लसीकरण सुरू झाले. २०१८ आणि २०१९ मध्ये तिथे एकही माणूस रेबीजने दगावला नाही. तेही कुत्री न मारता. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. नसबंदीमुळे नवी पिल्ले कमी होतात आणि हे प्रमाण टिकते.

नसबंदी झालेले कुत्रे चावणारच नाही, असे मी म्हणत नाही. पिसाळलेल्या किंवा अति आक्रमक कुत्र्यांना परत सोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले आहे.

२०२३ च्या नियमांनुसार हे काम स्थानिक संस्थांचे आहे. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीरच्या नगरपरिषदांना, मालेगाव-मानोऱ्याच्या नगरपंचायतींना लेखी विचारा: केंद्र कुठे आहे? या वर्षी किती शस्त्रक्रिया झाल्या, किती लसी टोचल्या? शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. आपल्या गल्लीत तशी किती दिसतात, मोजा.

तोवर कुणाला चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. लस त्याच दिवशी घ्या.