वरून फोटो काढला, पण कधीचा?



कुरकुंभच्या माळावरून फिरंगाई देवीचं देऊळ दिसतं, एमआयडीसीच्या चिमण्या दिसतात. या दौंड-शिरूर पट्ट्यात भिल्ल, पारधी कुटुंबं गायरानात, वनखात्याच्या हद्दीला लागून पिढ्या काढताहेत. कागदावर मात्र ती कुठेच नाहीत.

24 एप्रिल 2020 ला केंद्र सरकारने स्वामित्व योजना काढली. त्याआधीच आपल्या जिल्ह्यात, पुरंदरच्या सोनोरी गावात ड्रोनने मोजणी झाली होती. जमिनीवर चुन्याच्या रेषा मारायच्या, वरून फोटो काढायचे, मग मिळकत पत्रिका. पण ही मोजणी गावठाणाची. ज्याचं पाल गावठाणाबाहेर, त्याच्या दारात चुना पडतच नाही.

आता तर चार-पाच ड्रोन एकदम सोडायचं तंत्र आलंय. एकाची बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास उतरते. पाचांनी पट्टे वाटून घेतले की मोठा डोंगरही लवकर उरकतो. फोटो एकमेकांवर थोडे चढवून काढतात, संगणक ते जोडून नकाशा करतो. यंत्रावर आमचा राग नाही. बांध, विहीर, पायवाट वरून स्वच्छ दिसते, ते आपल्याही कामाचं आहे.

पण वनहक्क कायदा विचारतो, 13 डिसेंबर 2005 च्या आधी ही जमीन कोण कसत होतं? आज काढलेला फोटो त्याचं काय उत्तर देणार? नागली-वरई काढून दोन वर्षं पड टाकलेला वरकस तुकडा वरून नुसतं गवत दिसतो. नकाशावर तो जंगल होऊन बसतो. खाली चालणाऱ्याला चुलीचे दगड दिसतात, देव दिसतो, पुरलेली माणसं कुठे आहेत ते कळतं.

2012 च्या दुरुस्तीने नियमातच लिहिलंय की उपग्रहाचे फोटो नि असलं तंत्र पुराव्याला जोड आहे, पुराव्याच्या बदली नाही. शेजारच्या गुजरातेत फोटोवर बोट ठेवून दावे फेटाळले, तेव्हा लोक हायकोर्टात गेले. केवळ फोटोवरून दावा नाकारता येत नाही, असं कोर्टानेही 2013 साली म्हटलं. साहेब लोक हे आपणहून सांगत नाहीत, आपल्यालाच सांगावं लागतं.

गावावर ड्रोन फिरला तर फोटोची तारीख लेखी मागा, नकाशाची प्रत ग्रामसभेत ठेवायला लावा. वनहक्क समितीने दावेदाराला बरोबर घेऊन प्लॉट पायी फिरावा, खुणा लिहून घ्याव्यात. म्हाताऱ्यांचे जबाब मात्र ड्रोनची वाट न बघता आत्ताच घ्या, नियम 13 त्यांना पुरावा धरतो. एकाच पुराव्यावर भागत नाही, म्हणून पेटीत जपलेल्या वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्याही बाहेर काढा.