विश्लेषण : कॉपीराइटच्या कमाईत गीतकार कुठे आहे?

साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट टिकतो. म्हणजे ‘श्यामची आई’ हे पुस्तक २०१० संपताच सर्वांसाठी खुले झाले आणि आता कोणीही प्रकाशक ते छापू शकतो. तरीही त्याच्या छपाई-विक्रीतला पैसा ‘कॉपीराइट आधारित उद्योगां’च्या खात्यातच मोजला जातो, कारण मोजणी पुस्तकाची नव्हे, प्रकाशन व्यवसायाची होते.

मोजतात कसे?

जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने (वायपो) २००३ मध्ये यासाठी मार्गदर्शिका काढली. त्यात उद्योगांचे चार गट आहेत. पुस्तके, वृत्तपत्रे, संगीत, नाटक, चित्रपट, जाहिरात आणि सॉफ्टवेअर हे गाभ्याचे उद्योग. टीव्ही संच, संगणक, वाद्ये हे त्यांच्यावर विसंबलेले. कपडे, दागिने, फर्निचर यांत रचनेपुरता थोडा वाटा धरतात. आणि शेवटी वाहतूक, दूरसंचार, किरकोळ विक्री. म्हणजे पुस्तकांचे गठ्ठे वाहणारा टेम्पोही अंशतः या हिशेबात येतो!

अमेरिकेत चित्रपट, संगीत, प्रकाशन आणि व्हिडीओ गेम उद्योगांच्या संघटनांची आघाडी असे अहवाल नियमित काढते. त्यानुसार २०२१ मध्ये तिथल्या गाभ्याच्या उद्योगांचे मूल्यवर्धन १.८ लाख कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे अर्थव्यवस्थेच्या ७.७६ टक्के होते. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण त्यात सॉफ्टवेअर आहे, हे विसरू नये. शिवाय हीच आघाडी इतर देशांनी, भारतानेही, कॉपीराइटचे नियम कडक करावेत म्हणून अमेरिकी सरकारकडे पाठपुरावा करते. आकडा खोटा आहे असे नव्हे. तो कोण आणि कशासाठी मांडतो, एवढे लक्षात असू द्यावे.

मग अडचण कुठे?

मूल्यवर्धनात पगार येतो तसा नफाही येतो. गाणे लिहिणाऱ्याला काय मिळाले, हे त्यातून कळत नाही. आपल्याकडचाच दाखला घ्या. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या संगीताचा मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. गीतकार-संगीतकारांना एकरकमी पैसे मिळत. गाणे पुढे रेडिओवर, कॅसेटवर, मोबाइलच्या रिंगटोनवर कितीही वाजो, रॉयल्टीवर त्यांना हक्क सांगता येत नसे. या सगळ्या काळात उद्योग वाढतच होता. टक्केवारी काढली असती, तर ती छानच दिसली असती.

२०१२ च्या कायदादुरुस्तीने हे बदलले. गीतकार जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी त्यासाठी जोर लावला. आता चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणे वाजते तेवढे सोडले, तर अन्य वापराच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांचा समान वाटा आहे. महत्त्वाचे म्हणजे हा हक्क करारात सही करून सोडताही येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. निर्मात्यांचा विरोध होता, पण त्याने चित्रपटधंदा काही बुडाला नाही.

मराठी रंगभूमीला हे नवे नाही. नाटककाराला प्रयोगामागे मानधन देण्याची पद्धत इथे जुनी आहे. नाटक चालले की लेखकाचेही चालते.

काय मोजायला हवे?

एकूण उलाढालीबरोबर दोन आकडे मागायला हवेत : जमा रॉयल्टीपैकी किती टक्के प्रत्यक्ष वाटली गेली आणि ती किती जणांत वाटली गेली. कॉपीराइट सोसायट्यांकडे पहिला आकडा असतोच, दुसरा त्यांच्या सभासद-यादीतून काढता येतो. ठाण्यात बसून एखाद्या मराठी चित्रपटासाठी चार गाणी लिहिणाऱ्याला देशाच्या जीडीपीतल्या टक्क्यांशी देणेघेणे नाही. या वर्षी आपले गाणे कुठे किती वाजले आणि खात्यात किती आले, हे त्याला मोबाइलवर दिसायला हवे. प्रवाहित होणाऱ्या प्रत्येक गाण्याची नोंद कंपन्यांकडे आपोआप होत असताना ते अशक्य नाही.