मधातला ऊस लपत नाही



उसाच्या पत्रिकेत मधाची कथा कशाला, असे कुणीही म्हणेल. पण मधात भेसळीला आपलीच साखर वापरली जाते आणि आपल्यापैकी काहींनी मधमाश्यांच्या पेट्याही ठेवल्या आहेत. तेव्हा चार शब्द बोलणे भाग आहे.

खरा मध ओळखायच्या युक्त्या गावोगाव सांगतात. पाण्यात थेंब सोडा, काडी बुडवून पेटवा, कुत्रं तोंड लावतं का बघा. या युक्त्यांवर विसंबून पैसा मोजू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दाट पाकही पाण्यात तळाला जातो. साखरेचा पाक आम्ल घालून तापवला की त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. मधातही मुख्यतः हेच दोन. मग जीभ काय सांगणार?

उसाची खूण मात्र आत राहतेच. निसर्गातल्या कार्बनमध्ये शंभरात साधारण एक भाग जड जातीचा असतो. ऊस, मका, ज्वारी यांच्यात हा जड कार्बन जरा जास्त. जांभूळ, हिरडा, कारवी, सूर्यफूल यांच्यात कमी. उकळून, गाळून हा फरक जात नाही. मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रासाठी नमुना जाळून त्याचा वायू करतात. त्याचे कण विद्युतभारित करून चुंबकापाशी सोडले की हलका जास्त वळतो, जड कमी. दोहोंचे प्रमाण काढले की उसाची साखर उघडी पडते. अमेरिकेत मक्याच्या पाकाची भेसळ पकडायला १९७० च्या दशकात ही पद्धत बसवली गेली. आपल्याकडे २०१८ च्या मानकांत मधातल्या अशा साखरेला ७ टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

चोरही स्वस्थ बसलेला नाही. तांदळाच्या किंवा बीटच्या पाकाचा कार्बन फुलांसारखाच, म्हणून तो या तपासणीतून निसटतो. त्याच्यासाठी क्रोमॅटोग्राफी लागते. तीत साखरेचे प्रकार एकेक वेगळे काढतात, आणि पिठाच्या पाकातल्या लांब साखळ्यांचे अंश मधात सापडले की चोरी कळते. म्हणजे एकाच दाखल्यावर भागत नाही.

पेटीवाल्यांना आमचे सांगणे असे. पावसाळ्यात फुलोरा नसताना माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो, त्यात गैर काही नाही. पण तो पाक पोळ्यात साठला आणि मध म्हणून काढला, तर यंत्राला ऊसच दिसणार. हेतू काय होता, ते यंत्र विचारत नाही. तेव्हा तो साठा माश्यांनाच खाऊ द्या.

दुसरे असे की, पाच-पंचवीस पेट्यांच्या माणसाला ही तपासणी एकट्याने झेपणारी नाही. मध एकत्र गोळा करून, तपासून, सोसायटीमार्फत विकावा हेच बरे. पण तिथेही प्रत्येकाचा नमुना नावानिशी बाजूला ठेवला पाहिजे. नाहीतर एकाने पाक ओतायचा आणि सगळ्यांचा माल नापास व्हायचा!

आपल्या उसाचे वजन काट्यावर आपल्या डोळ्यांदेखत व्हावे, हा आपला आग्रह रास्तच आहे. तोच न्याय मध विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही लागू आहे. त्याला तपासणीचा कागद मागायचा हक्क आहे आणि तो दाखवताना आपल्याला संकोच वाटू नये.