गडगा बघा, मग प्लॅन काढा

शिरगाव सोडून एसटी तळेबाजार, जामसंड्याकडे निघाली की खिडकीतून जरा बाहेर बघा. दोन्ही बाजूंना कलमांच्या बागा, बागांना चिऱ्याचे गडगे, मध्येच उघडा काळा सडा. आणि मग अचानक एक निळ्या पत्र्याची शेड. लांबूनही डोळ्यात भरणारी. आपण ती रोज बघतो, म्हणून आता खुपतही नाही.

पण खुपायला हवी. कारण अशा इमारती आता वाढणार आहेत. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. बागेतच प्रक्रिया करा, पर्यटकांना बाग दाखवा, असं आज जो तो सांगतो. काजूच्या बोंडांची वाईन करू द्या, ही मागणीही जिल्ह्यात जुनीच. हे सगळं व्हावं. शिक्षण संपल्यावर मुंबईची गाडी न धरता गावात राहायचं तर इथं काम हवंच. प्रश्न इतकाच, की त्या इमारती कुठे बसणार आणि कशा दिसणार?

नाशिकचं उदाहरण घ्या. गंगापूर धरणाजवळ सुलाने 1997 मध्ये द्राक्षं लावली, 2000 मध्ये पहिली वाईन आली. आज तिथे गर्दी होते ती फक्त वाईनसाठी नाही. समोर द्राक्षमळा, पलीकडे पाणी, हे बघत बसायला लोक येतात. म्हणजे बाटलीइतकाच तिथला देखावाही विकला जातो. आणि गंमत म्हणजे त्याच 1997 साली आपला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आपणही देखावाच विकतोय. मग तो पत्र्याने झाकायचा कशाला?

आता थोडं लांब जाऊ. अमेरिकेत नापा व्हॅलीत डोमिनस नावाची वायनरी आहे. हर्झॉग आणि द म्युरॉन या स्विस वास्तुरचनाकारांनी तिचं डिझाईन केलं, 1998 च्या सुमारास ती पूर्ण झाली. लांबी सुमारे 100 मीटर, तरी दुरून पटकन दिसत नाही. कारण तिच्या बाहेरच्या भिंती म्हणजे तारेच्या जाळीत भरलेला त्याच भागातला काळा दगड. दगडांच्या फटींतून उजेड आणि हवा आत झिरपते, दिवसाचं ऊन बाहेरच अडतं. जगभरचे विद्यार्थी ती भिंत अभ्यासतात. आणि आपण? आपल्याकडे तारेशिवायचा गडगा पिढ्यान् पिढ्या उभा आहे, त्यावर बसून आपण रील काढतो!

देवगडात अशी इमारत बांधायची तर नियम साधे आहेत. ती सड्याच्या माथ्यावर नको, उतारावर हवी. वरच्या बाजूने फळ आत, खालच्या बाजूने रस बाहेर. उतार असेल तर पंपाचं बरंच काम आपसूक होतं. उंची शेजारच्या कलमांच्या शेंड्याखाली. फळांचा रस आंबताना उष्णता बाहेर पडते, तो थंड ठेवायला वीज लागते. जाड चिऱ्याची भिंत आणि झाडांची सावली हे बिल कमी करते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात छप्पर उतरतंच हवं. आणि टाक्या धुतलेलं पाणी शुद्ध करूनच सोडायला हवं. ते तसंच व्हाळात गेलं तर खाडीत पोचतं, पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि फटका माशांना बसतो. बाहेरून सुंदर, मागून घाण, याला निसर्गात मिसळणं म्हणत नाहीत.

इथे एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. चिरा वापरा म्हटलं की चिरेखाण आली आणि खाण सडाच खाते. सडा म्हणजे पडीक जागा, हा आपला मोठा गैरसमज. पावसाळ्यात त्यावर फुलं येतात, डबकी साचतात, पाणी मुरतं. कोकणातली कातळशिल्पं, त्यात मालवण तालुक्यातलं कुडोपीही आलं, 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, ती याच कातळावर कोरलेली आहेत. म्हणून आधी पाया खणताना निघालेला दगड आणि पडक्या घरांचा जुना चिरा वापरायचा, नवा अगदी लागेल तेवढाच.

हे महाग पडेल, पत्रा स्वस्त, असं कुणी म्हणेल. सुरुवातीला पडेलही. पण खाऱ्या वाऱ्यात पत्रा किती वर्षं टिकतो, हे घरच्या पडवीला विचारा. एकदा सपाट केलेला सडा तर पुन्हा मिळतच नाही.

‘आमका काय करूचा हा?’ असं म्हणू नका. तुमच्यातलं कुणी आर्किटेक्चरला आहे, कुणी सिव्हिलला, कुणी कृषीला, कुणी कॉमर्सला. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कुठून तरी डाउनलोड करण्यापेक्षा आपल्याच गावातल्या एखाद्या बागेसाठी प्रक्रिया युनिटचा प्लॅन काढा. खर्चाचा तक्ता जोडा. बागायतदारांना दाखवा, ग्रामसभेत मांडा. उद्या कुणीतरी बाहेरून तयार नकाशा घेऊन येईलच. तेव्हा आपल्या हातात आपला नकाशा असायला हवा.