बीड ते दिल्ली : विमान दोन तासांचे, प्रवास साडेसात तासांचा, मधला वेळ जातो कुठे?

बीड ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,०७० किमी. जेट विमानाचा वेग ताशी साधारण ८३० किमी. भागाकार केला की उत्तर येते सव्वा तास. मोबाइलवर अंतर मोजणारी अनेक साधने हाच हिशेब करतात. अडचण एवढीच, की बीडमध्ये प्रवासी विमानतळच नाही.

खरा हिशेब काय?

बीड शहरासाठी सोयीचे विमानतळ छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे चिकलठाणा. सोलापूर-धुळे महामार्गाने हे अंतर सुमारे १३० किमी, वेळ अडीच तास. उड्डाणाच्या एक तास आधी काउंटर बंद होतो, त्यामुळे दोन तास आधी पोहोचलेले बरे. तिथून दिल्ली ९८० किमी. वेळापत्रकात सुमारे दोन तास दाखवतात, कारण त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे-उतरणे आणि दिल्लीच्या गर्दीतली प्रतीक्षाही धरलेली असते. पुढे सामान आणि टॅक्सीचा एक तास. एकूण साडेसात.

मुंबईचे गणित तर आणखी विचित्र. उड्डाण तासाभराचेच, पण घरापासून मुक्कामापर्यंत साडेसहा तास लागतात. अहिल्यानगर-कल्याणमार्गे गाडीने साधारण आठ तासांत मुंबई गाठता येते. म्हणजे विमानाचे तिकीट काढून वाचतो दीडच तास! पहाटेचे विमान असेल तर मध्यरात्रीच घर सोडावे लागते, ते वेगळेच.

हे झाले बीड शहराचे. परळीकराला लातूर आणि नांदेडची विमानतळे जवळची, तर आष्टीकर पुण्याचा विचार करतो. जिल्हा एक, पण विमानतळ प्रत्येकाचे वेगळे.

बीडला विमानतळ झाले तर?

महामार्गावरचे अडीच तास अर्ध्या तासावर येतील, दोन तास वाचतील. पण लहान धावपट्टीवर बहुधा एटीआरसारखे पंख्याचे विमान येते. त्याला साधारण १,४०० मीटर धावपट्टी पुरते; एअरबस ए३२० ला दोन हजार मीटरहून अधिक लागते. एटीआरचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास. मुंबईला ते तासाभरात पोहोचेल. दिल्लीला मात्र अडीच-पावणेतीन तास घेईल आणि वाचलेल्या वेळातला काही भाग आकाशातच खर्च होईल. त्यामुळे मागणी करताना धावपट्टी किती लांबीची आणि विमान कुठले, हे आधी विचारायला हवे.

त्याहून मोठा प्रश्न विमान टिकण्याचा. 'उडान' योजनेत एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या मार्गांत नांदेड-हैदराबाद होता. ती सेवा देणारी ट्रूजेट कंपनी २०२२ मध्ये बंद पडली. लातूरला धावपट्टी आहे, तरी नियमित प्रवासी सेवेविना तिने अनेक वर्षे काढली. विमानतळ सरकार बांधते. विमान मात्र रोज पुरेशा खुर्च्या भरल्या तरच येते. बीडहून मुंबईला रोज किती जण जातात, त्यातले किती जण विमानाचे भाडे देऊ शकतात, याची मोजणी धावपट्टीच्या जागेइतकीच महत्त्वाची आहे.

बीडकरांना वाट पाहण्याची सवय आहे म्हणा. २६१ किमीच्या अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली; बीडला पहिली रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी.