कूलरची नळी आणि घरातले पिण्याचे पाणी

भीमजयंतीची मिरवणूक होते न होते तोच आपल्या वस्त्यांतल्या माळ्यांवरचे कूलर खाली उतरतात. जनता वसाहत असो, ताडीवाला रोड असो की येरवड्याची लक्ष्मीनगर, पत्र्याखालच्या घरात एप्रिलच्या दुपारी बसवत नाही. म्हातारी माणसे कासावीस होतात, तान्ही मुले रडून रडून थकतात. "कूलरमुळे डास होतात, तो वापरूच नका," असा सल्ला देणारे बहुधा स्लॅबच्या घरात राहतात. आमच्या मते पत्र्याखालच्या घराला कूलर ही चैन नव्हे, गरज आहे. मात्र तो जोडायचा कसा, याचा विचार आपण पुरेसा करत नाही.

कूलर म्हणजे शेवटी पाण्याची उघडी टाकी. मध्यम आकाराचा कूलर मे महिन्यात दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो, म्हणजे दोन-तीन हंडे. हे हंडे बहुतेक घरांत आई, बहीण किंवा सूनच भरते. म्हणून मग कोणीतरी शक्कल काढतो. नळाला प्लॅस्टिकची नळी लावायची आणि तिचे दुसरे टोक कूलरच्या टाकीत सोडून द्यायचे. हंडे वाचतात, पण खरा धोका इथेच आहे.

आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. पाणी जाते तेव्हा पाइपातला दाब पडतो, कधी तर पाइप उलटे ओढू लागतो. नळीचे टोक टाकीतल्या पाण्यात बुडालेले असेल, तर कूलरचे शेवाळलेले पाणी नळीवाटे मागे पाइपात जाते. दुसऱ्या दिवशी पाणी आले की तेच आपल्या किंवा शेजारच्या घागरीत पडते. नळाला थेट मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते आणि गटाराशेजारून गेलेल्या फुटक्या पाइपातली घाणही आत येते. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड भागात जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा संशय पाण्यावरच गेला आणि पाणी उकळून पिण्याच्या सूचना साऱ्या शहराने ऐकल्या. ते कूलरमुळे घडले असे आम्ही म्हणत नाही. पाणी आणि घाण यांच्यात किती पातळ पडदा असतो, एवढे मात्र तेव्हा सर्वांना कळले.

म्हणून पहिला नियम: कूलर पिण्याच्या नळाला थेट जोडू नये. उंचावर पिंप किंवा टाकी असेल तर तिच्यातून नळी घ्यावी. बॉल कॉक बसवायचा तर तो टाकीच्या वरच्या कडेला बसवावा. पाणी सोडणारे तोंड ओव्हरफ्लोच्या भोकापेक्षा किमान दोन बोटे वर राहिले पाहिजे. पाणी वरून पडावे, नळीचे टोक पाण्यात कधीच बुडू नये. प्लंबरला हे सांगायला संकोच करू नका. हंड्याने भरणार असाल तर त्यातही काही कमीपणा नाही. फक्त तो हंडा घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यावर पडू नये.

दुसरा प्रश्न पाणी काढण्याचा. कूलर जमिनीला टेकवून ठेवला की तळाचे बूच उघडता येत नाही, मग महिनोन्महिने कोणी उघडतही नाही. विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा, खाली बादली बसेल इतका उंच. बुचाच्या बाजूला किंचित उतार द्या. ओव्हरफ्लोची नळी मोरीपर्यंत न्या, पण तिचे टोक गटारात बुडवू नका, आणि तोंडाला बारीक जाळी बांधा. गल्लीत पाणी सोडून शेजाऱ्याच्या दारात चिखल करणे हा तर शुद्ध अन्याय आहे.

डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारा एडिस डास साचलेल्या, दिसायला स्वच्छ अशा पाण्यात अंडी घालतो. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले, त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस सांगितला जातो. पण नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. काथ्याने किंवा ब्रशने भिंत घासा, गवताच्या जाळ्या उन्हात वाळवा, मगच पाणी भरा. अळ्या दिसल्या तर ते पाणी कोरड्या मातीवर ओता.

विजेबद्दलही सांगायला हवे. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि दोन पिनांचा प्लग ही जोडी जीव घेते. पाणी भरताना नुसते बटण बंद करू नका, प्लग काढा. अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे का, ते वायरमनकडून बघून घ्या. कूलर खिडकीत ठेवा आणि समोरची दुसरी खिडकी किंवा दार उघडे ठेवा, नाहीतर घर थंड होण्याऐवजी नुसते दमट होते.

हे सगळे आपण करू. पण महापालिकेने वस्तीत येऊन अळ्या शोधाव्यात, नोटीस द्यावी आणि निघून जावे, एवढ्याने आमचे समाधान होणार नाही. पाणी ठरल्या वेळी आणि पुऱ्या दाबाने आले तर पिंपे भरून ठेवावी लागणार नाहीत. पाण्याचे पाइप गटारातून काढा, गटारे झाका, तुंबलेले चेंबर साफ करा. याच पुण्यात १८६८ साली जोतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२७ साली बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. पाण्यावरचा हक्क आपण असा मिळवला आहे. ते पाणी स्वच्छ मिळणे हाही त्याच हक्काचा भाग आहे, आणि ते स्वच्छ राखणे हे आपले काम आहे. भिक्खूच्या आठ वस्तूंमध्ये पाणी गाळण्याचे साधन असते, हे आपण विहारात ऐकत आलोच आहोत.

आमची सूचना साधी आहे. रविवारच्या वंदनेला निघण्याआधी घरचा कूलर रिकामा करून घासावा. विहारातल्या कूलरचे बूच कोण उघडणार, त्याचे नाव येत्या बैठकीतच ठरवावे, कारण सगळ्यांचा कूलर हा बहुधा कोणाचाच नसतो. पाऊस सुरू झाला की कूलर तसाही उपयोगाचा राहत नाही. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल, त्याच्या आत प्रत्येक कूलर घासून, पुसून, कोरडा करून माळ्यावर गेलेला असावा.

जय भीम!