सॅक्सोफोन वाजवताना हात दुखतो? आधी वाद्य तपासा

लग्नसराई संपत आली की बँडमधले वादक दवाखान्यात येऊ लागतात. परवा एक काका आले, अल्टो सॅक्सोफोन वाजवणारे. उजव्या मनगटाला, अंगठ्याच्या बाजूने, कळ येत होती. म्हणाले, "वाजवायचं म्हटलं की दुखणारच. सीझनपुरती गोळी द्या." मी त्यांना दुसऱ्या दिवशी वाद्य घेऊन यायला सांगितलं.

त्यांनी वाद्य गळ्यात घातलं आणि दुखण्याचं कारण समोरच दिसलं. पट्टा इतका सैल होता की अडीच किलोच्या आसपासचं ते वाद्य त्यांनी एका अंगठ्यावर तोलून धरलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे. वाजवताना होणारं दुखणं ही मेहनतीची खूण नाही. बऱ्याचदा वाद्य हाताला जुळवून घेतलेलं नसतं, एवढंच.

सॅक्सोफोनची भोकं बोटांनी झाकता येतील एवढी लहान नसतात आणि एकमेकांपासून लांबही असतात. म्हणून त्यांवर कळा, दांडे आणि स्प्रिंगा बसवलेल्या असतात. अॅडॉल्फ सॅक्स यांनी 1846 मध्ये पेटंट घेतल्यानंतर ही मांडणी अनेकदा बदलली. 1936 च्या सुमारास सेल्मर कंपनीने खालच्या सुरांची झाकणं वाद्याच्या उजव्या बाजूला नेली, त्यामुळे डाव्या करंगळीचं काम हलकं झालं. 1948 मध्ये वरच्या आणि खालच्या हाताच्या कळा एका रेषेत न ठेवता थोड्या वळवून बसवल्या. मनगटं मुरडायची गरज कमी झाली. कारागिरांनी हातासाठी वाद्य बदललं. मग आपण वाद्यासाठी हात का झिजवायचा?

तुम्ही वाजवत असाल, तर पुढच्या गोष्टी आजच पाहा.

पट्टा: वजन पट्ट्यावर हवं, अंगठ्याने फक्त तोल सांभाळायचा. मान सरळ ठेवा. तोंड वाद्याकडे न्यावं लागत असेल, तर पट्टा आवळा. मान दुखत असेल, तर दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा पट्टा घ्या.

अंगठ्याचा हुक: बहुतेक नव्या वाद्यांत तो स्क्रू सैल करून सरकवता येतो. बोटं कळांवर सहज वाकून पडतील अशी जागा शोधा.

तळहाताच्या कळा: डाव्या हाताच्या या कळा दाबताना मनगट वळत असेल, तर त्यांवर रबराचे उंचवटे बसवता येतात. मोठ्या हाताच्या वादकांना याचा विशेष उपयोग होतो.

पॅड: याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. झाकणाखालचं पॅड नीट बसत नसेल, तर हवा गळते, खालचे सूर फुटतात आणि वादक कळ आणखी जोरात दाबतो. त्याला वाटतं, आपली बोटंच कमजोर. अशा वेळी बोटांच्या व्यायामाआधी दुरुस्ती करणाऱ्याकडे जा. तो नळीत दिवा सोडून उजेड कुठून बाहेर येतो ते पाहतो.

यासोबत साधारण अर्ध्या तासाच्या वादनानंतर पाच मिनिटं हात मोकळे सोडा. सुट्टीनंतर एकदम चार तास वाजवू नका.

दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळीही राहिलं, रात्री बोटांना मुंग्या आल्या, पकड सैल झाली किंवा फक्त वाजवतानाच एखादं बोट आपोआप आत वळू लागलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. गोळी घेऊन वाजवत राहिलात, तर दुखणं दबतं आणि इजा वाढत जाते.

आणि येताना वाद्य सोबत आणा. डॉक्टरांनी मागितलं नाही तरी वाजवून दाखवा. एक्स-रेमध्ये सैल पट्टा दिसत नाही.